मदत सारखी, जमीन वेगळी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

अतिवृष्टी झाली, दुष्काळ पडला किंवा कर्जमाफी जाहीर झाली, की शेतकऱ्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : 'त्यांना मिळाले, मग आम्हाला का नाही?' विदर्भातला शेतकरी पश्चिम महाराष्ट्राकडे बोट दाखवतो, मराठवाड्यातला विदर्भाकडे, आणि माण-खटावचा शेतकरी आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या कृष्णाकाठाकडे. या तक्रारीला राजकारणाचा रंग लगेच चढतो. ती कितपत रास्त आहे हे ठरवायचे, तर सरकारी मदत मोजतात कशी, ते आधी पाहिले पाहिजे.

केंद्र सरकारची २००८ ची कर्जमाफी घेऊ. दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असलेल्यांचे थकीत पीककर्ज पूर्ण माफ झाले. त्याहून जास्त जमीन असलेल्यांना २५ टक्के सूट मिळाली. दुष्काळप्रवण आणि पॅकेजच्या जिल्ह्यांत २५ टक्के किंवा २० हजार रुपये यांपैकी जी रक्कम मोठी ती. मात्र उरलेली रक्कम आधी भरायची होती. ऐकायला हा नियम न्याय्य वाटतो. पण समजा, एकाकडे पाच एकर बागायती ऊस आहे आणि त्याचे लाखाचे कर्ज थकले आहे. दुसऱ्याकडे यवतमाळकडची साडेसात एकर कोरडवाहू कपाशी आहे आणि कर्ज ४० हजारांचे. पहिल्याचे एक लाख माफ. दुसऱ्याला सूट २० हजारांची, तीही स्वतःचे २० हजार भरल्यावर. ते भरता आले नाहीत तर तो थकबाकीदारच राहणार, नवे पीककर्ज मिळणार नाही आणि पेरणीच्या तोंडावर सावकाराचे दार गाठावे लागणार. पाण्याखालच्या पाच एकरांना आणि आभाळाच्या भरवशावरच्या पाच एकरांना एकाच मापाने मोजल्याचा हा परिणाम आहे.

नैसर्गिक आपत्तीच्या मदतीतही हाच गुंता दिसतो. २०२२ ते २०२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेला दर कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५०० रुपये असा आहे. नुकसान किमान ३३ टक्के हवे आणि मदत दोन हेक्टरांच्या मर्यादेत. बागायतदाराचा खर्च जास्त असतो, म्हणून दर जास्त, हे तर्काला धरून आहे. पण ज्याच्याकडे विहीर नाही, कालवा नाही, त्याच्या हाती संकटातही निम्मीच रक्कम पडते. राज्य सरकार कधी आपल्या तिजोरीतून दर वाढवते, कधी मर्यादा तीन हेक्टरांपर्यंत नेते. पण ते त्या त्या वर्षीच्या निर्णयावर अवलंबून.

मग प्रश्न येतो सीमारेषेचा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, तर ती अतिवृष्टी. पर्जन्यमापक एका गावात असतो आणि ढग दुसऱ्याच गावावर फुटतो. बांधाला बांध लागून असलेली दोन शेते दोन मंडळांत गेली, की एक यादीत येते, दुसरे बाहेर राहते. जिल्ह्यांचेही तसेच. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज दिले ते विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना : अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम आणि वर्धा. कापूस मराठवाड्यातही पिकतो आणि शेतकरी तिथेही कर्जात होता. पण त्या यादीत मराठवाड्यातला एकही जिल्हा नव्हता.

या साऱ्याच्या मुळाशी जुना अनुशेष आहे. १९५३ च्या नागपूर कराराने विदर्भ आणि मराठवाड्याला विकासात न्याय्य वाट्याचा शब्द दिला. १९८३ मध्ये नेमलेल्या दांडेकर समितीने प्रत्येक जिल्हा राज्याच्या सरासरीशी ताडून पाहिला आणि सुमारे ३,१८७ कोटींचा अनुशेष काढला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के, मराठवाड्याचा २४, आणि उर्वरित महाराष्ट्राचा ३७ टक्के होता. हा शेवटचा आकडा आपण विसरतो. 'उर्वरित' म्हणजे सारा ऊसपट्टा नव्हे. त्यात कोकण आहे, तसेच कायमचे दुष्काळी तालुकेही आहेत. राज्यघटनेच्या ३७१(२) कलमानुसार १९९४ मध्ये तीन विकास मंडळे स्थापन झाली. ३० एप्रिल २०२० रोजी त्यांची मुदत संपली.

माझ्या मते दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. आपत्तीची मदत हे जखमेवरचे मलम आहे. ती प्रदेश न पाहता नुकसान पाहून मिळाली पाहिजे. जमिनीची मर्यादा घालायची, तर कोरडवाहूला ती जास्त हवी. आणि पर्जन्यमापक गावागणिक हवेत. सिंचनाचा अनुशेष ही मात्र वेगळी देणी आहेत; ती कर्जमाफीने फिटत नाहीत. शेताला एक पाळी पाणी मिळाले असते तर जे पीक हाती आले असते, त्याची भरपाई कोणत्याही याद्यांमध्ये नसते.

सांगलीच्या पुरात बुडालेला ऊस आणि वाशीमला करपलेले सोयाबीन एकमेकांचे वैरी नाहीत. मदतीचे निकष चावडीवर लावा, हिशेब उघडा ठेवा. आपले नाव यादीत का नाही, हे ज्याला वाचता येते, तो शेजाऱ्याच्या शेताकडे रागाने पाहणार नाही; तो योग्य दारी जाऊन जाब विचारील.