थंडीत पोलाद का तडकते?

१६ जानेवारी १९४३ ची रात्र. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या गोदीत ‘स्केनेक्टडी’ हे नवेकोरे तेलवाहू जहाज धक्क्याला लावून ठेवले होते. वादळ नव्हते, लाटा नव्हत्या, कशाची टक्करही झाली नव्हती. एकाएकी प्रचंड आवाज झाला आणि जहाज मधोमध दुभंगले! त्या रात्री हवेचे तापमान शून्याखाली सुमारे ३ अंश सेल्सिअस होते.

पोलादासारखा बळकट धातू काचेसारखा कसा तडकला? दुसऱ्या महायुद्धात घाईने बांधलेल्या इतर अनेक जहाजांनाही अशाच चिरा पडल्या. प्रथम संशय आला तो वेल्डिंगचा. पण केंब्रिज विद्यापीठातील संशोधक कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले, की मूळ दोष पोलादातच आहे. ठरावीक तापमानाखाली ते चिवट न राहता ठिसूळ बनत होते. रिव्हेटने जोडलेल्या पत्र्यात चीर पडली तर ती कडेशी थांबू शकते. वेल्डिंगने सारे पत्रे एकसंध झाल्यामुळे मात्र ती एका पत्र्यातून दुसऱ्यात धावत गेली.

असे का होते ते पाहू. पोलाद हे लोखंडाच्या असंख्य बारीक स्फटिककणांचे बनलेले असते. त्यावर ताण पडला, की कणांतील अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. त्यामुळे पोलाद वाकते, ताणले जाते, पण तुटत नाही. थंडीत अणूंची थरथर मंदावते आणि थर घसरवायला अधिक जोर लागतो. कण उभा चिरायला लागणारा जोर मात्र फारसा बदलत नाही. त्यामुळे पुरेशी थंडी पडली, की घसरण्याआधीच कण चिरला जातो.

मग उपाय काय? कण बारीक ठेवणे. चीर एका कणातून दुसऱ्यात जाताना तिला दिशा बदलावी लागते. कण जितके लहान, तितके तिच्या वाटेत अडथळे अधिक. कणांचा आकार आपल्या हाती असतो, तो उष्णतेमुळे. पोलाद सुमारे ९०० अंशांपर्यंत तापवले, की जुने कण मोडून नवे बारीक कण तयार होतात. ते हवेत निवू दिले, की बारीकपणा टिकतो. याला ‘नॉर्मलायझिंग’ म्हणतात. पण तेच पोलाद गरजेपेक्षा फार जास्त तापवले, तर कण वाढून मोठे होतात आणि थोड्या थंडीतही ते दगा देते.

दुसरी रीत तुम्ही लोहाराकडे पाहिली असेल. लाल तापवलेल्या विळ्याला तो पाणी देतो. त्यामुळे विळा कठीण होतो, पण ठिसूळही होतो. म्हणून तो पुन्हा थोडा तापवावा लागतो. यालाच ‘टेंपरिंग’ म्हणतात. कारखान्यात पाणी दिलेले पोलाद ६०० अंशांच्या आसपास तापवले, की ते कडाक्याच्या थंडीतही चिवट राहते. येथेही सावधगिरी हवी! काही मिश्र पोलादे ३७५ ते ५७५ अंशांच्या दरम्यान सावकाश निवाली, तर फॉस्फरससारखी अशुद्ध द्रव्ये कणांच्या सीमांवर गोळा होतात आणि पोलाद पुन्हा ठिसूळ होते. म्हणून अशी पोलादे या टप्प्यातून झटपट निववतात.

पोलाद चिवट आहे की नाही, हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी शार्पी या फ्रेंच अभियंत्याच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी घेतात. खाच पाडलेला लहान तुकडा हव्या त्या तापमानापर्यंत थंड करायचा आणि त्यावर लंबकासारखा झुलणारा जड हातोडा सोडायचा. तुकडा तोडून हातोडा पलीकडे जितका कमी वर जाईल, तितकी अधिक ऊर्जा तुकड्याने शोषली, म्हणजेच तो तितका चिवट.

तेव्हा पोलादात कोणती द्रव्ये आहेत, एवढे विचारून भागत नाही. ते किती तापवले आणि कसे निववले, हेही विचारावे लागते. थंड प्रदेशातील पूल, जहाजे आणि वायूच्या टाक्या सुरक्षित राहणे बऱ्याच अंशी या उत्तरावर अवलंबून असते.