लाकडी पाणबुडी पाण्यात सोडली तर?

पुढून गोलसर, मागे निमुळते होत गेलेले, काळ्या रंगाचे हातभर लांबीचे लाकूड. पाठीवर माशाच्या परासारखा मनोरा, मनोऱ्याला दोन आडवे पंख आणि शेपटीला पितळी पंखा. खालच्या पट्टीवर नाव कोरलेले : 'स्किपजॅक'. अमेरिकी नौदलाच्या या पाणबुडीची अशी हाताने घडविलेली प्रतिकृती कपाटात छान दिसते. पण ती खऱ्या पाणबुडीबद्दल आपल्याला किती सांगते?

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. 'अणुशक्तीवर चालणारी हल्लेखोर पाणबुडी' यातील अणुशक्ती इंजिनासाठी आहे. पाणतीरांनी शत्रूची जहाजे व पाणबुड्या बुडविणे हे स्किपजॅकचे काम होते.

प्रतिकृती सर्वांत खरे बोलते ते आकाराबद्दल. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून दुसऱ्या महायुद्धातील पाणबुड्या बराच वेळ पाण्यावरच असत. त्यांचे नाकाड जहाजासारखे धारदार असे. जर्मनीची त्या काळची नेहमीची पाणबुडी पाण्यावर सुमारे १७ नॉट वेगाने जाई, पाण्याखाली मात्र जेमतेम ७ नॉट. अणुभट्टीला हवा नको. मग पाण्यावर येण्याचे कारणच उरले नाही आणि आकार पाण्याखालच्या प्रवासासाठी निवडता आला. पाण्यावरच्या जहाजाची बरीच शक्ती लाटा उठविण्यात वाया जाते. खोल पाण्यात हा खर्च नाही. तेथे विरोध होतो तो घर्षणाचा व मागे सुटणाऱ्या भोवऱ्यांचा. शेपूट हळूहळू निमुळते केले की भोवरे कमी होतात. १९५३ साली पाण्यात उतरविलेल्या 'अल्बाकोर' या प्रायोगिक पाणबुडीवर हा थेंबासारखा आकार आजमावला गेला. १९५९ साली नौदलात आलेल्या स्किपजॅकने तो अणुशक्तीला जोडला, आणि पाण्याखालचा वेग २९ नॉटांच्या पुढे गेला. (पंख्यावर मात्र फार विसंबू नये. नौदले त्याची घडण गुप्त ठेवतात, त्यामुळे प्रतिकृतीत बहुधा कारागिराचा अंदाज असतो.)

आता वजनाकडे वळू. येथे लाकूड आपल्याला फसविते.

स्किपजॅकची लांबी सुमारे ७७ मीटर. १:१५० या प्रमाणात प्रतिकृती ५१ सेंटिमीटर होईल. लांबी दीडशेपट घटली, पण घनफळ १५० × १५० × १५०, म्हणजे ३३,७५,००० पट घटले! पूर्ण बुडालेली स्किपजॅक सुमारे ३,५०० टन, म्हणजे साधारण ३,४०० घनमीटर समुद्राचे पाणी बाजूला सारते. भागाकार करून पाहा. उत्तर जवळजवळ १ लिटर येते. एवढी अजस्र बोट, आणि तिची प्रतिकृती एका लिटरच्या मापात मावते.

सागाची घनता साधारण ०.६५ धरली, तर ही प्रतिकृती ६५० ग्रॅम भरेल. हौदात सोडली तर तिचा एकतृतीयांश भाग पाण्यावर राहील. खरी पाणबुडी पाण्यावर असताना सुमारे ३,१०० टन असते, म्हणजे तिचे शेकडा ८८ घनफळ पाण्यातच असते. समुद्रावरील छायाचित्रांत तिची नुसती पाठ व मनोरा दिसतो तो यामुळेच. आपल्या सागाला तसे तरंगवायचे तर २३० ग्रॅमची भर हवी. पाण्याखाली न्यायचे तर एकूण ३५० ग्रॅमची. पाणबुडी हीच भर टाक्यांत सुमारे ४०० टन पाणी घेऊन घालते आणि वर येताना दाबाच्या हवेने ते बाहेर ढकलते.

हौदात आणखी एक गंमत दिसेल. प्रतिकृती सरळ उभी न राहता कुशीवर आडवी होईल! गोल ओंडक्याला वरची-खालची बाजू नसते, त्यात पाठीवर मनोऱ्याचे ओझे. शिसे पोटाच्या तळाशी भोके पाडून बसविले, तर गुरुत्वमध्य खाली जाईल व मनोरा सरळ राहील. खऱ्या पाणबुडीतही गुरुत्वमध्य बाजूला सारलेल्या पाण्याच्या मध्याखाली ठेवावाच लागतो.

दाबाबद्दल मात्र भरीव लाकूड काहीच सांगत नाही. खरी बोट पोकळ असते, आणि दर १० मीटर खोलीला प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जवळजवळ १ किलोग्रॅम भार वाढतो. स्किपजॅकच्याच वर्गातील 'स्कॉर्पियन' १९६८ च्या मे महिन्यात अटलांटिकमध्ये ९९ माणसांसह नाहीशी झाली. तिचे अवशेष सापडले ते सुमारे ३,००० मीटर खोलीवर. तेथे हा भार ३०० किलोग्रॅमच्या वर जातो. कोणत्याही लढाऊ पाणबुडीचे पोलादी कवच त्यापूर्वी कितीतरी आधी चेपून जाते.

हौदातला प्रयोग शाळेत करण्याजोगा आहे. लाकडाला आधी वॉर्निशचे दोन-तीन हात द्या, नाहीतर ते पाणी पिईल. प्रतिकृती बुडते-न-बुडते अशी झाली की पाण्यात मूठभर मीठ विरघळवा. ती पुन्हा वर येईल. खऱ्या पाणबुडीलाही हा हिशेब चुकत नाही. समुद्रातून पूर्ण गोड्या पाण्यात आली, तर तेवढ्याच घनफळामागे तिला सुमारे ८५ टनांचा आधार कमी मिळेल, आणि तितके पाणी टाक्यांतून उपसून टाकावे लागेल.