काळे लघुग्रह

काळे लघुग्रह : मंगळ व गुरू यांच्या कक्षांदरम्यान असलेल्या मुख्य पट्ट्यातील, अत्यल्प परावर्तकतेचे लघुग्रह. आपल्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी ३ ते १० टक्केच प्रकाश ते परावर्तित करतात. त्यांचा काळेपणा मुख्यतः कार्बनयुक्त द्रव्यामुळे येतो. पट्ट्याच्या बाहेरील भागात त्यांचे प्राबल्य आहे.

अशा एका मोठ्या लघुग्रहाचा शोध भारतातून लागला. मद्रास वेधशाळेतील नॉर्मन रॉबर्ट पॉग्सन यांना १६ मे १८६६ रोजी सिल्व्हिया (क्र. ८७) आढळला. ताऱ्यांमधून जागा बदलणारा प्रकाशबिंदू हीच त्या काळी लघुग्रहाची खूण होती. बिंदू अंधुक दिसतो तो पिंड लहान म्हणून की काळा म्हणून, हे तेवढ्यावरून ठरत नसे. १९७० नंतरच्या अवरक्त वेधांनी ही अडचण दूर झाली. काळा पृष्ठभाग अधिक तापतो व अधिक अवरक्त प्रारण उत्सर्जित करतो. ४ टक्के परावर्तकतेचा पिंड २० टक्के परावर्तकतेच्या पिंडाइतकाच तेजस्वी दिसत असेल, तर त्याचा व्यास दुपटीहून अधिक असतो. सिल्व्हियाचा सरासरी व्यास सु. २७० किमी. आहे.

या पिंडांच्या द्रव्याची कल्पना कार्बनी अशनींवरून येते. त्या काळ्या लघुग्रहांचेच तुकडे होत, असे मानतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर अशाच तुकड्याच्या आघाताने झाले असावे. सु. १·८ किमी. व्यासाचे हे विवर पूर्वी ज्वालामुखीजन्य समजले जाई. आघाताच्या दाबाने बनलेली फेल्डस्पारची काच तेथील खडकात मिळाल्याने, १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने ते अशनिविवर ठरले. मूळ अशनीचा तुकडा मात्र हाती आलेला नाही. बेसाल्टाशी मिसळलेला तिचा अंश २०१९ मध्ये क्रोमियमाच्या समस्थानिकांवरून ओळखण्यात आला. काही नमुन्यांत तो ३ टक्क्यांपर्यंत असून कार्बनी अशनींशी जुळतो. हा पुरावा टिकला तो कठीण बेसाल्टामुळे. याच जिल्ह्याच्या उत्तरेस, नांदुऱ्याकडील पूर्णेच्या गाळात, असे विवर बहुधा केव्हाच बुजून गेले असते. आघाताच्या काळाविषयी एकमत नाही : तप्तदीप्ती पद्धतीने तो सु. ५२,००० वर्षांपूर्वीचा, तर आर्गॉन कालमापनाने सु. ५·७ लाख वर्षांपूर्वीचा येतो.