खालच्या जबड्यावर उगवलेल्या मिशा

उंदराचा गर्भ जेमतेम दहा दिवसांचा असताना त्याच्या डोक्याखाली पहिली ग्रसनी-कमान नावाचा जो मांसल उंचवटा दिसतो, त्याच्या वरच्या भागातून वरचा आणि खालच्या भागातून खालचा जबडा घडतो; तेथे हाडे घडवणाऱ्या पेशी मात्र एकाच कुळातल्या, म्हणजे भावी मेंदूच्या कडेवरून स्थलांतर करून आलेल्या चेताशिखा-पेशी असतात. मग वर-खाली ठरते कसे? डीएलएक्स १ आणि २ ही जनुके संपूर्ण कमानीत, तर डीएलएक्स ५ आणि ६ केवळ खालच्या भागात कार्यरत असतात आणि शेजारच्या पेशींनी स्रवलेला एंडोथेलिन-१ हा संकेत-रेणू त्यांना चालना देतो.

२००२ मध्ये संशोधकांनी ५ आणि ६ ही दोन्ही जनुके काढून टाकली, तेव्हा खालचा जबडा नुसता खुरटला नाही, तर वरच्या जबड्याचे रूप घेऊ लागला: ज्या मेकेलच्या कूर्चेलगत खालचे हाड वाढते ती जवळजवळ नाहीशी झाली आणि एरवी नाकाच्या दोन्ही बाजूंना शोभणाऱ्या मिशा खालच्या जबड्यावरही उगवल्या. जनुक गेल्यावर अवयव बिघडावा, हे अपेक्षितच. त्याने शिस्तीत दुसराच अवयव व्हावे, हे खरे नवल. २००८ मध्ये उलट प्रयोग झाला, एंडोथेलिनचा संकेत वरच्या भागातही चालू केला गेला, तेव्हा वरचा जबडा खालच्यासारखा घडला.