माप आतून की बाहेरून?

‘मी घरी वेबसाइट बनवते’ म्हटलं की आमच्या गल्लीतल्या काकू विचारतात, “म्हणजे टायपिंग ना गं?” टायपिंग असतंच म्हणा! पण खरी कसोटी पुढे आहे. मी बनवलेलं पान कोण कशात उघडणार, हे माझ्या हातात नसतं. कुणाकडे क्रोम, कुणाकडे फायरफॉक्स, आयफोनवाल्यांकडे सफारी. हे सगळे ब्राउझर, म्हणजे इंटरनेट बघायच्या खिडक्या. पान तेच, पण प्रत्येकाची मांडायची रीत थोडी निराळी.

पूर्वी तर फारच गोंधळ होता. समजा, चौकटीची रुंदी ३०० लिहिली, आत दोन्हीकडे २०-२० मोकळी जागा सोडली आणि ५-५ची किनार लावली. नियमाप्रमाणे ३०० हे आतलं माप, म्हणजे बाहेरून चौकट ३५०ची. पण इंटरनेट एक्सप्लोअररची पाचवी आवृत्ती ३०० हेच बाहेरचं माप धरायची. पातेलं आतून मोजायचं की बाहेरून, तसाच हा वाद! एकीकडे शेजारी-शेजारी बसलेले दोन रकाने दुसरीकडे एकाखाली एक घसरायचे. २००१च्या सहाव्या आवृत्तीने नियम पाळला, तोही पानाच्या डोक्यावर ठरावीक ओळ लिहिली तरच. आता ‘बॉक्स-सायझिंग’ नावाच्या एका सूचनेने माप कुठून घ्यायचं ते आपणच सांगू शकतो.

मग आता अडचण संपली का? छे! आपल्या मराठीची निराळीच तऱ्हा. दिवाळीच्या तोंडावर एका बचत गटाच्या ताई आल्या. भाजणी दळून तयार, पण गिऱ्हाइकं फोन करून विचारायची, “ऑर्डर द्यायची कुठे?” पान दुसऱ्या कुणी बनवलेलं. ताईंच्या फोनवर सगळं व्यवस्थित दिसत होतं. माझ्या जुन्या फोनवर उघडलं, तर ऑर्डरचं बटणच नाही! चौकटीची उंची ठरवून टाकलेली, आणि जास्तीचं झाकायचं अशी सूचना. या फोनचा मराठी फॉन्ट जरा रुंद, त्यामुळे मजकूर एक ओळ वाढला आणि खालचं बटण कापलं गेलं. वरच्या वेलांट्याही अर्ध्या! मी उंचीचं बंधन काढलं, ‘कमीत कमी इतकी’ एवढंच लिहिलं, ओळींमध्ये अंतर वाढवलं. अर्ध्या तासाचं काम.

मैत्रिणींनो, हे काम शिकत असाल तर सगळीकडे अगदी तंतोतंत सारखं दिसावं असा हट्ट धरू नका. अक्षर थोडं जाड-बारीक चालेल. भाव, फोन नंबर आणि बटण मात्र दिसायलाच हवं. मी प्रत्येक पान सासूबाईंच्या फोनवरही उघडते. त्यांनी अक्षरं भलीमोठी करून ठेवलीत, कच्चे दुवे तिथेच सापडतात.

या तपासणीचे पैसे मी आता वेगळे लावते. एरवी पाच रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या ताईंनी ते मुकाट्याने दिले, वर चकलीचा एक पुडाही.