देणगी विद्यार्थ्यापर्यंत कशी पोहोचते

ब्रह्मपुरीच्या नेवजाबाई हितकारिणी महाविद्यालयासारख्या संस्थेत, धानाच्या एका हंगामावर ज्यांचे वर्ष निभते अशा घरांतील मुले-मुली शिकायला येतात, तेव्हा त्यांची खरी अडचण फीपेक्षा निर्वाहाची असते. अनुदानित महाविद्यालयात मान्य पदांवरील अध्यापकांचे वेतन सरकारी खजिन्यातून होते. परंतु खोलीचे भाडे, खाणावळ, संदर्भग्रंथ आणि शिष्यवृत्तीची रक्कम हाती पडेपर्यंतचे रिकामे महिने यांची पुरेशी तजवीज त्या अनुदानात नसते, आणि देणगीचे कार्य तेथूनच सुरू होते.

काही देणग्या त्याच वर्षी खर्ची पडतात. काहींचा कायम निधी होतो, ज्याचे मुद्दल अबाधित राखून केवळ व्याज वापरले जाते. एक लाखाची ठेव सहा टक्के दराने वर्षाला सहा हजार देते. मात्र महागाई त्या सहा हजारांचे मोल दरसाल घटवते, म्हणून निधीत वरचेवर भर पडली पाहिजे.

1919 साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांच्या वसतिगृहातील मुलांची चूल पेटती राहावी म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले. त्या दानाहून थोर दान मला ठाऊक नाही.

महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांना 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमान्वये हिशेब ठेवावे लागतात. म्हणून देणाऱ्याने रीतसर पावती घ्यावी, हेतू लेखी नोंदवावा, आणि शक्यतो वसतिगृह व भोजन यांसाठीच द्यावे.