गुलाबाचे वैरी आणि सोबती

इंदूरहून खंडव्याकडे जाताना सिमरोल लागते. येथील काळी जमीन गहू-सोयाबीनला मानवते. परंतु तिच्यात साचणारे पाणी गुलाबाच्या मुळांना सोसत नाही. म्हणून आमच्या अंगणातील वाफे आम्ही वीतभर उंच केले आहेत.

दोन वर्षांपूर्वी माघात कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसताच आम्ही घाईने विषारी औषध फवारले. मावा नाहीसा झाला. त्याबरोबर मावा खाणारे ठिपकेदार ढालकिडेही मेले. पंधरवड्यात मावा परतला, ढालकिडे मात्र परतले नाहीत. त्या वर्षी गुलकंद घालण्याचे आम्हांस धैर्य झाले नाही.

तेव्हा इंदूरच्याच एका वारशाची आठवण झाली. येथील इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती व राख यांपासून सुमारे तीन महिन्यांत खत करण्याची रीत बसविली. यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ साली त्यावर ग्रंथ लिहिला आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. कीड हे रोपाच्या व मातीच्या दुबळेपणाचे लक्षण होय, असे हॉवर्ड मानीत. धडधाकट झाडावरही मावा येतो, हे खरे. तरी औषधाच्या बाटलीआधी मातीकडे पाहावे, हा त्यांचा धडा आम्ही घेतला.

आता पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरात छाटणी करून रोगट फांद्या जाळतो व मुळांशी कुजलेले खत घालतो. रासायनिक नत्र टाळतो, कारण त्याने फुटणारी लुसलुशीत पालवी माव्याला आवडते. पाणी सकाळी व बुडाशीच देतो. पाने रात्रभर ओली राहिली की काळे ठिपके पडतात. मावा दिसला तर प्रथम पाण्याच्या जोरदार धारेने झाडतो. तेवढ्याने न भागल्यास ५० ग्रॅम निंबोळीचा भरडा लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून गाळतो, त्यात किंचित साबण मिसळतो व सायंकाळी फवारतो. उन्हात त्याचा गुण लवकर जातो. ढालकिडे दिसत असतील तर तेही थांबवितो.

पाने आजही निष्कलंक नसतात. चार पाने कुरतडलेली राहतात, एखादी कळी वाया जाते. परंतु यंदा ढालकिडे परतले, आणि देव्हाऱ्यातील फुलांबरोबर गुलकंदाची बरणीही निःशंक मनाने भरली.